तिन्हीसांजेचा भोंगा

एखाद्या गोष्टीकडे मनाची ओढ कशी वाढत जाते, त्याच्या पायऱ्या मराठी भाषेने मोठ्या बारकाईने नोंदवून ठेवल्या आहेत. प्रथम असतो तो छंद. त्याचे चारचौघांत कौतुक होते. छंद वाढला की तो नाद होतो, आणि ‘त्याला नाद लागला’ असे म्हणताना बोलणाऱ्याच्या कपाळावर आठी हटकून उमटते. नादापुढे वेड, आणि वेडापुढे व्यसन. व्यसन म्हटले की आज दारू, तंबाखू आणि जुगार एवढेच डोळ्यांपुढे येते. परंतु कौटिल्याने अर्थशास्त्रात ही संज्ञा राज्यावर ओढवणाऱ्या आपत्तींसाठीही योजिली आहे आणि माणसाला त्याच्या श्रेयापासून दूर फेकून देते ते व्यसन, अशी तिची फोड केली आहे. मुलांच्या हातातील मोबाइल फोनचा विचार करताना हा जुना अर्थ जवळ बाळगणे उपयोगाचे ठरते. मोबाइलमध्ये मद्यासारखे विष नाही. त्याच्यावर शाळेचा धडा वाचता येतो आणि आजोळच्या आजीचे तोंडही पाहता येते. म्हणून हे यंत्र चांगले की वाईट, या वादात शिरण्यापेक्षा ते मुलाला कशापासून दूर फेकते, हे पाहणे अधिक इष्ट होय.

या यंत्राला ‘भ्रमणध्वनी’ असे सुरेख नाव देण्यात आले होते. ते सरकारी कागदांवर राहिले आणि घराघरांत मोबाइलच रूढ झाला. एका परीने ते योग्यच झाले म्हणावयाचे, कारण मुलांच्या हाती असलेल्या या वस्तूत आता ध्वनीचा भाग अगदीच थोडा उरला आहे. ती बोलण्यासाठी क्वचितच वापरली जाते. ती पाहण्याची, खेळण्याची आणि स्वतःला दाखविण्याची वस्तू झाली आहे.

व्यसन हा शब्द मात्र जपून वापरला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती स्वीकारली आणि जानेवारी २०२२ पासून ती अमलात आली. तीत पडद्यावरील खेळांच्या आहारी जाणे हा एक विकार म्हणून प्रथमच नोंदविण्यात आला. त्याची लक्षणे अशी : खेळणे केव्हा सुरू करावे आणि केव्हा थांबवावे यावर ताबा न राहणे, अभ्यास, भोजन, झोप, मित्र या सर्वांहून खेळ वरचढ होणे, आणि नुकसान उघड दिसत असतानाही तो चालूच राहणे किंवा वाढणे. ही स्थिती साधारणतः बारा महिने टिकलेली असावी, असेही तेथे म्हटले आहे. मोबाइलचा सर्वसाधारण वापर हा काही त्या यादीत रोग म्हणून नाही. तेव्हा सुटीच्या दिवशी चार तास मोबाइल पाहिलेल्या मुलाला ‘व्यसनी’ म्हणून हिणविणे अन्यायाचे आहे. बहुसंख्य मुले नादाच्या पायरीवर उभी आहेत, थोडी वेडाच्या, आणि त्याहून थोडी खरोखर व्यसनाच्या. पण पायऱ्या एकाच जिन्याच्या आहेत, एवढे विसरता येत नाही.

शास्त्रज्ञांतही या बाबतीत एकवाक्यता नाही. अमेरिकेतील जोनाथन हाइट यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पौगंडावस्थेतील मुलामुलींच्या वाढत्या चिंतेचे व उदासीनतेचे खापर मुख्यतः स्मार्टफोन आणि समाजमाध्यमे यांवर फोडले. त्याच्या उलट, एमी ऑर्बन आणि अँड्र्यू प्रिझ्बिल्स्की या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये लाखो मुलांची माहिती तपासून असा निष्कर्ष काढला होता की, मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात जो कमीअधिकपणा दिसतो, त्यातील अर्ध्या टक्क्याहूनही कमी भागाचा संबंध या तंत्राच्या वापराशी जोडता येतो. दोन्ही पक्ष विद्वान आहेत. परंतु सरासरीने सर्व मुलांविषयी जे सांगता येते, ते एका विशिष्ट घरातील एका विशिष्ट मुलाला लागू पडतेच असे नाही. नदीची सरासरी खोली गुडघाभर असली तरी डोहात माणूस बुडतोच. शिवाय मानसिक रोगाचा वाद बाजूला ठेवला, तरी मुलाची गेलेली झोप, न खेळलेला खेळ आणि न वाचलेले पुस्तक ही नुकसाने उरतातच, आणि ती दाखवून देण्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची गरज पडत नाही.

नव्या करमणुकीविरुद्ध वडील पिढीने ओरड करावी, हा प्रघात जुनाच आहे. कादंबऱ्या वाचून मुले बिघडतील असे एके काळी म्हटले जाई. नंतर नाटक, सिनेमा, रेडिओ, दूरदर्शन यांच्यावर पाळीपाळीने तोच आरोप आला. मोबाइलवरील आरोपही त्याच माळेतला मणी आहे, असे समजून कित्येक जण स्वस्थ बसतात. येथे एक भेद त्यांच्या नजरेतून निसटतो. कादंबरीला शेवटचे पान असते. चित्रपटाच्या अखेरीस पडद्यावर ‘समाप्त’ अशी अक्षरे येत. आकाशवाणीची रात्रीची सभा नेमलेल्या वेळी संपे, आणि मालिका कितीही रंगली तरी अर्ध्या तासाने उद्यावर जाई. प्रत्येक करमणुकीच्या अंगातच तिचा शेवट असे. मन भरले नाही तरी ती संपे, आणि प्रेक्षकाला उठून आपल्या कामाला लागावे लागे. मोबाइलच्या पडद्याला असा शेवट नाही. २००६ मध्ये एझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने पानाचा तळ कधी लागूच नये अशी एक युक्ती शोधून काढली. वाचणारा बोटाने पान वर सरकवीत जातो आणि खाली नवे आपोआप येत राहते. पुढे तिचे परिणाम पाहून रास्किन यांनी स्वतःच जाहीर खेद व्यक्त केला. आज मुले जी मिनिटा-अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पाहतात, त्यांची रांग याच युक्तीवर चालते. ताटातील अन्न संपले म्हणून माणूस हात धुतो. येथे ताटच रिते होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. वर्तनाचा अभ्यास करणारे बी. एफ. स्किनर आणि त्यांचे सहकारी चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ मध्ये एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कबुतराने कळीवर चोच मारली की दाणा मिळावा, अशी त्यांच्या पेटीतील योजना असे. ठराविक संख्येने चोच मारल्यावर दाणा मिळत असेल, तर कबुतर दाणा मिळाल्यानंतर थोडा विसावा घेते. पण दाणा केव्हा दुसऱ्या चोचीला, केव्हा विसाव्या, केव्हा पन्नासाव्या असा अनियमित मिळू लागला की ते पक्षी न थांबता चोच मारीत राहतात, आणि दाणा येणे बंद झाल्यावरही ती सवय सुटता सुटत नाही. फाशांच्या पटावर धर्मराजाला जे उठू देत नव्हते, ते हेच. पुढचा डाव आपला असेल, ही आशा. मोबाइलच्या पडद्यावर दहा चित्रफिती नीरस जातात आणि अकरावी खळखळून हसविते. टाकलेल्या छायाचित्राला कधी दोघांची पसंती मिळते, कधी शंभरांची. मुलाच्या अंगठ्याला कबुतराची चोच झाली आहे. हे केवळ योगायोगाने घडले असेही नाही. फेसबुकच्या आरंभीच्या धुरीणांपैकी शॉन पार्कर यांनी २०१७ मध्ये उघडपणे सांगितले की, माणसाच्या मनाच्या दुबळ्या जागी बोट ठेवूनच ही यंत्रणा उभारण्यात आली आणि उभारणाऱ्यांना त्याची जाणीव होती.

आता हे सारे प्रौढ माणसालाही लागू आहे. मग मुलांचीच काळजी अधिक का? कारण मेंदूचा जो भाग मोहाला आवर घालतो, परिणामांचा विचार करतो, तो सर्वांत उशिरा, विशीच्या मध्यास पक्व होतो. आणि आनंद, नावीन्य, समवयस्कांची वाहवा यांकडे धावणारा भाग मात्र पौगंडावस्थेत ऐन भरात असतो. घोडा तरणा आणि लगाम कच्चा, अशी ही अवस्था. तेरा वर्षांच्या मुलाला ‘तुला कळत कसे नाही?’ असे विचारणारा बाप एका अर्थाने शरीरशास्त्राशी भांडत असतो.

हे यंत्र मुलांच्या हाती कसे आले, हेही पाहिले पाहिजे. सप्टेंबर २०१६ नंतर इंटरनेटचे दर एकदम कोसळले आणि जी गोष्ट शहरातील थोड्या घरांपुरती होती, ती खेड्यापाड्यांत गेली. तथापि लहान मुलांच्या हाती ती खऱ्या अर्थाने ठेवली गेली मार्च २०२० मध्ये, साथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा. आणि ठेवणारे हात आईबापांचेच होते, मास्तरांचे होते. कित्येक घरांत मजुरीचे पैसे साठवून, प्रसंगी शेरडू विकून मुलासाठी फोन घेण्यात आला. ‘फोन घेऊन बस, तास सुरू झाला’ असे म्हणून मुलाला हाक मारली जाई. शाळा पुन्हा भरल्या, पण फोन परत गेला नाही. आज त्याच मुलावर आपण रागावतो, तेव्हा हा पूर्वेतिहास निदान आठवणीत तरी असावा.

ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ या अहवालाने २०२४ मध्ये १४ ते १६ वर्षांच्या मुलांना याविषयी विचारले. स्मार्टफोन वापरता येतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ८२.२ टक्के निघाले. त्यांपैकी मागील आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरणारे ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. वापर येणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलांत स्वतःचा फोन असलेले ३७.८ टक्के. म्हणजे बहुसंख्य मुले अद्यापि घरातील दुसऱ्या कुणाचा तरी फोन वापरतात. निराश करणाऱ्या आकड्यांत हा एक आकडा आशेचा आहे. जो फोन आईचा किंवा बापाचा आहे, तो कोठे ठेवावयाचा आणि केव्हा द्यावयाचा, हे अजून आईबापांच्या हाती आहे. केवळ त्यांनी तो स्वतः खाली ठेवला पाहिजे.

येथेच खरे घोडे पेंड खाते. घरोघरी संध्याकाळी दिसणारे दृश्य असे : वडील कोचावर पडून बातम्यांची पट्टी सरकवीत आहेत, आई पोळ्या लाटता लाटता मालिकेचा राहिलेला भाग पाहत आहे, आजोबांनाही आता आपल्या वर्गमित्रांचा गट सापडला आहे आणि ते सकाळसंध्याकाळ सुविचार पाठवितात, आणि या तिघांपैकी कोणीतरी मान वर न करता म्हणतो, ‘बाळ, तो फोन ठेव आणि अभ्यासाला बस.’ बाळाने तो ठेवावा अशी अपेक्षा करणे हा विनोद आहे. मुलाचे वेड हे बहुधा घराच्या नादाचे पोर असते.

तिन्हीसांज ही मराठी घरातील फार महत्त्वाची वेळ. दिवेलागण झाली की मुलांनी हातपाय धुऊन देवापुढे बसावे, परवचा म्हणावा, पाढे, पावकी, निमकी, तिथी, नक्षत्रे यांची उजळणी करावी, असा शिरस्ता असे. त्या परवच्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मुले कंटाळत, अर्धी झोपेत म्हणत, आणि चुकले की पाठीत धपाटाही बसे. पण ती वेळ मोकळी नव्हती, आणि वडीलधारेही त्या वेळी घरात, समोर असत. पुढे परवचा गेला. त्याच्या जागी रेडिओ आला, नंतर दूरदर्शन आले. तरी रेडिओ घरात एकच असे, दूरदर्शनचा संच एकच असे; सारे घर एका ठिकाणी बसून एकच गोष्ट ऐके किंवा पाही, तिच्यावर भांडे. मोबाइलने मात्र घराचे जितके जीव तितके कोपरे केले. जी जागा आधीच रिकामी होत चालली होती, ती त्याने भरली. रिकामी जागा तशीच ठेवून फोन काढून घेतला, तर मूल फोनसाठी रडत नाही. ते त्या पोकळीला भिऊन रडते.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव हे सुमारे ३,००० वस्तीचे गाव आहे. लोक बव्हंशी शेतकरी, काही साखर कारखान्यांतील कामगार. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर तेथील शिक्षकांच्या आणि पंचायतीच्या ध्यानात आले की, मुले शाळेत येतात, परंतु घरी गेली की पुस्तक उघडीत नाहीत, आणि आईबापही परस्परांशी बोलण्याऐवजी पडद्याकडे पाहत बसतात. सरपंच विजय मोहिते यांनी अशी सूचना मांडली की, रोज संध्याकाळी काही वेळ सबंध गावाने दूरदर्शन व मोबाइल बंद ठेवावेत. पुरुष मंडळींनी ती प्रथम हसण्यावारी नेली. मग गावातील स्त्रियांना एकत्र बोलाविण्यात आले. मालिकांचा नाद आपल्यालाही लागत चालला आहे, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आणि गावाने हे करावेच, असे सांगितले. १४ ऑगस्ट २०२२ रोजी गावाने निर्णय घेतला आणि स्वातंत्र्यदिनापासून तो अमलात आला. देवळावर भोंगा बसविला गेला. संध्याकाळी ७ वाजता तो वाजला की पडदे बंद, आणि ८.३० वाजता पुन्हा वाजला की मोकळीक. सुरुवातीला ग्रामपंचायतीची माणसे गल्लीबोळांतून फिरून आठवण करून देत. दीड तास मुलांनी अभ्यास करावयाचा, मोठ्यांनी वाचावयाचे किंवा एकमेकांशी बोलावयाचे, इतकीच योजना होती.

या योजनेचे मर्म भोंग्यात नाही. ते ती सर्वांना लागू होती यात आहे. भोंगा वाजला की ज्याच्या हातातला फोन खाली जातो, तो सरपंचही असतो आणि सातवीतला मुलगाही. त्या मुलाला एकट्याला काही सोडावे लागत नाही, म्हणून त्याचा मानभंग होत नाही. आणखी एक गोष्ट घडते. पौगंडावस्थेतील मुलाला सर्वांत मोठी भीती वाटते ती आपण मागे पडण्याची. मित्र तिकडे बोलत असतील, हसत असतील आणि आपणच तेथे नसू, ही. एका घराने फोन काढून घेतला की ही भीती दुणावते. सबंध गावाचे फोन एकाच क्षणी बंद झाले, तर मागे पडावयाचे कोणापासून? जे एका बापाला वर्षभर ओरडून साधत नाही, ते गावाला एका ठरावाने साधले, याचे कारण हे आहे.

गावाने नियम केला म्हणजे तो आपोआप चांगला झाला, असेही नव्हे. जुलै २०१९ मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यातील दांतीवाडा तालुक्यात, बारा गावांतील ठाकोर समाजाच्या पुढाऱ्यांनी अविवाहित मुलींनी मोबाइल बाळगू नये, असे ठरविले. तेथेही ‘मुलांचे भले’ हीच भाषा होती. परंतु मुलांना वगळून मुलींवरच जो नियम बसतो, तो फोनविरुद्ध नसतो, मुलींविरुद्ध असतो. फोनचा प्रश्न निघाला की पहिली धाड घरातील सर्वांत दुबळ्या हातावर पडते, हे अनेक घरांत दिसते. भाऊ रात्री बारापर्यंत खेळत बसतो आणि बहिणीच्या हातातील फोन शिकवणीचा निरोप पाहतानाही हिसकावला जातो. असा न्याय मुले विसरत नाहीत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बान्सी गावाने १८ वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी केली आणि मोडणाऱ्यास २०० रुपये दंड ठरविला. हेतू शुद्ध होता. तरी वडगावची रीत अधिक शहाणपणाची वाटते, कारण बंदी मुलाला सांगते की तू लहान आहेस, आणि लहानपणाइतके दुसरे कशाचेही त्या वयात वावडे नसते. वडगावचा विचार सीमेपलीकडेही गेला. डिसेंबर २०२४ मध्ये बेळगावजवळच्या हलगा गावाने संध्याकाळी ७ ते ९ असे दोन तास भोंग्याच्या इशाऱ्याने पडदे बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. भाषेवरून जेथे इतकी वर्षे रण पेटत आले, त्या मुलखात हा एक विचार मराठी गावातून कन्नड राज्यात कोणाच्याही परवानगीवाचून गेला.

शहरात भोंगा वाजवून भागणार नाही, हे उघड आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद यांसारख्या नगरांत शेजाऱ्याचे नावही माहीत नसते. तेथे ठराव कोणाचा आणि भोंगा कोणाचा? पण शहरातही गाव असते. ते कधी एका इमारतीचे असते, कधी शाळेच्या एका वर्गाचे. एकाच वर्गातील वीस मुलांच्या आईबापांनी मिळून रात्री नऊनंतर फोन नाही असे ठरविले, तर तो वर्ग म्हणजे त्या मुलांचे वडगावच. अडचण एकच. शाळाच रात्री साडेनऊला फोनवर गृहपाठ पाठविते. मुलांना फोनपासून दूर ठेवण्याची व्याख्याने करणाऱ्या शाळांनी गृहपाठ फळ्यावर लिहून द्यावा आणि मुलांनी तो वहीत उतरून घ्यावा, एवढे केले तरी मुलाच्या हातातील सर्वांत मोठी सबब जाईल.

सरकारांनीही हालचाल सुरू केली आहे. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा करून १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. त्या कायद्यात एक गोष्ट लक्षणीय आहे. दंड मुलाला नाही, पालकालाही नाही. तो कंपनीला आहे, आणि तो जवळजवळ पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जाऊ शकतो. बान्सीचे २०० रुपये आणि हे पाच कोटी यांत केवळ रकमेचा फरक नाही. दोषी कोण, याविषयीचा फरक आहे. भारताच्या २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीवर पाळत ठेवण्यास आणि तिला हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई केली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी घातली. कायदे हवेतच. पण संध्याकाळी सातचा प्रश्न दिल्लीहून सुटणारा नाही.

अगदी लहान मुलांविषयी मात्र वादाला जागा नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवू नये. दूरच्या नातलगांशी कधीमधी समोरासमोर बोलणे एवढाच अपवाद. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून अधिक नको, आणि तोही मोठ्यांच्या देखत. तरीही मूल जेवत नाही म्हणून त्याच्यापुढे फोन उभा करून घास भरविणे आता सर्रास झाले आहे. चिऊचा घास आणि काऊचा घास म्हणण्यात मिनिटे जात, हे खरे. पण त्या मिनिटांत मूल भाषा शिकत असे, भरविणाऱ्याचा चेहरा वाचावयास शिकत असे, आणि पोट भरल्याची खूण ओळखावयास शिकत असे. पडद्याकडे पाहत गिळलेल्या घासाबरोबर यांतले काहीच आत जात नाही.

मोठ्या मुलाचा फोन कमी करावयाचा, तर एकदम हिसकावू नये. ज्याला खरोखर नाद लागला आहे, ते मूल पहिले काही दिवस चिडते, वस्तू आपटते, कधी जेवण सोडते. यालाच घाबरून तिसऱ्या दिवशी फोन परत दिला की मुलाने एक धडा पक्का शिकलेला असतो : पुरेसे ओरडले म्हणजे मिळते. त्यापेक्षा थोडे मागावे आणि तेवढे टळू देऊ नये. पहिली मागणी झोपेची असावी. फोनच्या पडद्याचा प्रकाश रात्री झोप आणणाऱ्या द्रव्याला मागे ढकलतो; आणि प्रकाशाहूनही अधिक जागविते ती उशाखालची थरथर. रात्री सर्वांचे फोन, वडिलांचाही, स्वयंपाकघराच्या ओट्यावर विजेला लावून ठेवावेत आणि उठविण्यासाठी गजराचे जुने घड्याळ पुन्हा आणावे. दुसरी मागणी मैदानाची. संध्याकाळी तासभर उन्हात आणि धुळीत खेळून दमलेल्या मुलाला पडद्याची ओढ कमी वाटते, शिवाय दिवसाच्या उजेडाने डोळ्यांचा चष्मा लांबतो. नगरपालिकांनी क्रीडांगणांवर वाहनतळ आणि संकुले उभारली. मुले घरात का बसतात, असे मग त्यांनीच विचारू नये.

आणि इतके करूनही जे मूल शाळा सोडते, मित्र तोडते, रात्र रात्र जागते, खोटे बोलते, फोनसाठी अंगावर धावून येते, त्याला रागवून उपयोग नाही; त्याला वैद्याकडे न्यावे. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेत २०१४ पासून तंत्राच्या अतिरेकी वापरासाठी स्वतंत्र चिकित्सालय चालविले जाते. अशा मुलाच्या पडद्याआड पुष्कळदा दुसरेच काही दडलेले असते : शाळेत कोणी छळ करीत असतो, एखादा विषय मुळातच कळत नसतो, घरात रोज कलह असतो, किंवा उदासीनतेचा आजार सुरू झालेला असतो. फोन हा तेथे रोग नसून आडोसा असतो. म्हणून चिकित्सक मुलाला एकट्याला तपासून थांबत नाहीत. आईवडिलांनाही समोर बसवितात आणि विचारतात, घरात संध्याकाळी काय चालते, जेवताना कोण कोणाशी बोलते, रात्री कोणाचा फोन शेवटी बंद होतो.